कंसातले नाव

घोडपदेवाच्या चाळीत सारे आयुष्य काढलेल्या माणसास 'तुमचे गाव कोणते?' असे विचारले असता त्याच्या तोंडून 'घोडपदेव' हे उत्तर आलेले मी लहानपणी कधी ऐकले नाही. एका अंगास भायखळा, दुसऱ्या अंगास रे रोड स्टेशन आणि दारूखाना, पलीकडे कॉटन ग्रीनच्या कापसाच्या वखारी, आणि मध्ये ज्या देवाने या वस्तीस आपले नाव दिले त्याचे ठाणे, एवढ्या चतुःसीमेत ज्याचे तारुण्य आणि वार्धक्य सरले, तो माणूसही जुन्नर, आंबेगाव, खटाव, पाटण, चिपळूण, संगमेश्वर असे काहीतरी सांगे. आणि 'तिकडे आपले किती आहे?' असा पुढचा प्रश्न आला की एकर, गुंठे आणि आणे यांच्या हिशेबात शिरे. ज्याचे उत्तर 'काही नाही' असे असे, तो क्षणभर खाली पाही. त्या खाली पाहण्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला, आणि तो उमगावा म्हणूनच या लेखाचा प्रपंच आहे.

आमची खोली दहा बाय बाराची, म्हणजे एकशे वीस चौरस फुटांची होती. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तितकाच रुंद असा चौकोन. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या मोजणीस तेहतीस फुटांची साखळी वापरीत, तिचे सोळा आणे करीत, आणि त्या साखळीच्या वर्गाचे क्षेत्र एक हजार एकोणनव्वद चौरस फूट भरे. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. गावाकडे कोणी एका गुंठ्यास जमीन म्हणत नाही, उकिरड्याची किंवा खळ्याची जागा म्हणतात. पण त्या एका गुंठ्यात आमच्यासारख्या नऊ खोल्या मावल्या असत्या, आणि आमच्या एका खोलीत गावाकडून आलेले सात-आठ गडी पाळ्या लावून झोपत असत. ज्याला पाय पसरण्यापूर्वी शेजाऱ्याचे अंथरूण गुंडाळावे लागते, त्याच्या मनात अडीच एकर या शब्दाने काय होत असेल, हे जमिनीच्या किमतीची कोष्टके मांडणाऱ्यांस कळणे कठीण आहे.

जमिनीचा हा शोध रविवारी चाले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळू लागली, आणि त्या सुट्टीचा पुढील कित्येक दशके जो उपयोग झाला त्यात भजन, कुस्ती आणि गावकीची बैठक यांच्या जोडीला जमिनीची वार्ता हाही एक नेम होता. गावाहून आलेला पाहुणा ट्रंकेवर बसे, चहा होई, पाऊसपाण्याचे बोलणे होई, आणि मग तो सहज बोलल्यासारखे सांगे, 'ओढ्याकडचा एक तुकडा निघालाय.' जमीन 'विकायला आहे' असे कोणी म्हणत नसे, जमीन 'निघते'. ती कोणाच्या तरी घरातून निघते, ज्याप्रमाणे लेक निघते किंवा प्रेत निघते, आणि म्हणूनच गॅलरीत बसलेला जाणता म्हातारा किमतीपूर्वी एकच गोष्ट विचारी: 'का निघाली?'

माझ्या मते जमिनीच्या सगळ्या इतिहासात हाच प्रश्न मुख्य आहे. स्वस्त जमीन ही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. ती कोणत्या तरी कारणाने स्वस्त झालेली असते, आणि ते कारण काळागणिक बदलत गेले आहे.

मराठेशाहीत मुळात जमिनीस आजच्या अर्थाने बाजार नव्हता. गावचा मिरासदार आपल्या मिरासीवर वंशपरंपरेने नांदे. बाहेरून आलेला उपरी मुदतीच्या कराराने जमीन कसे. मिरास विकता येत असे, पण ती गोतसभेच्या, पाटील-कुलकर्ण्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या साक्षीने. आणि दुष्काळात वा स्वाऱ्यांच्या धामधुमीत परागंदा झालेला मिरासदार दीर्घ काळाने परतला, तरी आपली मिरास मागण्याचा हक्क त्याच्यापाशी पुष्कळ ठिकाणी शिल्लक राही. स्वस्त जमीन त्या काळीही मिळे. ज्या कुळाचा वंश खुंटला किंवा जे कुळ देशोधडीस लागले त्याची जमीन 'गतकुळी' म्हणून गावाच्या दप्तरी राही, आणि ती पुन्हा लागवडीस यावी म्हणून सरकार नव्या माणसास कौल देई: पहिल्या वर्षी सारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, आणि काही वर्षांनी पूर्ण दर. या चढत्या साऱ्यास इस्तावा म्हणत. बैल आणि मनगट असलेल्या निर्धन माणसास जमिनीपर्यंत पोहोचवणारी इतकी शहाणी योजना पुढील राजवटींत मला क्वचितच आढळली; पण त्या गतकुळी शब्दात एक घर बुडाल्याची नोंद आहे, हे विसरून चालणार नाही.

पेशवाईच्या अस्तानंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे प्रांताची मोजणी करून जो सारा बसवला, तो इतका जड झाला की इंदापूर भागात शेते ओस पडली. मग विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३६ पासून इंदापुरातच नवी आकारणी केली, दर खाली आणले, तीस वर्षांसाठी ते कायम केले, आणि प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर देऊन त्यावर खातेदाराचे नाव घातले. पडीत जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. ही त्या पद्धतीची पुण्याई नाकारता येणार नाही. परंतु त्याच एका कलमाने जमीन गहाण टाकण्याजोगी आणि लिलावात काढण्याजोगी झाली. पूर्वी सावकार पिकाकडे पाही. आता तो बांधाकडे पाहू लागला.

आणि येथे कॉटन ग्रीनच्या वखारींतल्या कापसाचा संबंध येतो. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कल्पनेपलीकडे चढले. दख्खनच्या शेतकऱ्याची पत वाढली, सावकाराने पैसा सैल सोडला, आणि पुढे भाव कोसळला तेव्हा कर्ज तेवढे शिल्लक उरले. त्यातच तीस वर्षांची मुदत संपून नव्या आकारणीने सारा वाढला. दिवाणी न्यायालयातले एकतर्फी हुकूमनामे घेऊन बेलिफ गावोगाव फिरू लागले. अखेर १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि ते दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की दंगेखोरांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खते, रोखे आणि हुकूमनामे मागून घेऊन ते जाळण्यात आले. आपले नाव जेथे आडवे झाले, ती जागा त्या निरक्षर लोकांस नेमकी ठाऊक होती. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने काही जमिनी वाचल्या, काही सावकारांनी गहाणाऐवजी उघड खरेदीखते करून घेण्याची नवी वाट काढली.

त्याच्या मागून १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ आले. सारा न भरल्याने जमिनी सरकारजमा झाल्या, आणि १९०१ साली सरकारने असे विधेयक आणले की अशा जमिनी पुन्हा देताना त्या विकण्याचा वा गहाण टाकण्याचा अधिकार देऊ नये. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले. शेतकऱ्याचे संरक्षण की त्याच्या मालकीचा संकोच, हा वाद तेथे सुटला नाही, आणि आजही सुटलेला नाही. सातबाऱ्यावर 'नवीन व अविभाज्य शर्त' हे शब्द आले की समजावे, त्या वादाचीच सावली त्या शेतावर पडली आहे. अशी जमीन स्वस्त सांगितली जाते, आणि पुष्कळ भोळी माणसे तेवढ्यासाठी इसार देऊन बसतात.

दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन होऊन १८५६ मध्ये ताडदेवास चालू झाली, तेथून पुढे घाटाखालची आणि घाटावरची ही सारी ऋणाईत शेतकरी मंडळी मुंबईकडे लोटली गेली. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली, आणि गिरणीच्या साचेखात्यातला, त्रासनखात्यातला, गोदीतला पैसा दरमहा गावी जाऊ लागला. त्या पैशाचा पहिला वाटा पोटास, दुसरा साऱ्यास आणि सावकाराच्या व्याजास, आणि या सर्वांतून काही उरलेच तर गहाण सोडवण्यास, असा क्रम असे. मुंबईकर नवी जमीन शोधू लागला तो त्यानंतर. पुष्कळांचा शोध तर आपलीच जमीन परत मिळवण्याचा होता. १९३१ साली व्हिटले आयोगाने हिंदी कामगारांविषयी जो अहवाल दिला, त्याचा आशय असा होता की गावी पुरेसे अन्नवस्त्र मिळाले तर फार थोडे कामगार कारखान्यात टिकतील; त्यांना शहर ओढत नाही, गाव ढकलते. घोडपदेवच्या कोणत्याही गावकीच्या खोलीत भिंतीलगत एकावर एक रचलेल्या ट्रंका पाहिल्या असत्या, तर आयोगास इतके साक्षीदार तपासावे लागले नसते. त्या ट्रंकांच्या तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळून, जमिनीचे कागद असत.

कोकणची गोष्ट वेगळी आणि अधिक कष्टाची. घोडपदेवहून भाऊचा धक्का जवळ. तेथून आगबोट धरून माणूस आपल्या बंदरास उतरे, पण ज्या गावी तो जाई तेथे बहुधा खोताची सत्ता असे. सारा खोताच्या हातून सरकारात जाई, आणि कुळाचा कसण्याचा हक्क खोताच्या मर्जीवर असे. तेथे खरेदीला जमीन निघणेच दुर्मिळ. निघाली तर तीही सामाईक खात्यातली, म्हणजे एक आणा आठ पै अशा हिश्श्याची, ज्याचा बांध कोठे आहे हे भाऊबंदांपैकी कोणी दाखवू शकत नाही. कुलाबा जिल्ह्यात चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ च्या ऑक्टोबरात संप पुकारला, आणि सहा वर्षांच्या आसपास स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन सावकारांची शेते पडीत ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून बोटींनी आलेले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईच्या रस्त्यांतून कौन्सिल हॉलवर चालत गेले. त्यांच्यातल्या अनेकांचे भाऊ आणि मुलगे या शहरात गिरण्यांत व गोदीत राबत होते. १९३९ साली कुळांस पहिले कायदेशीर संरक्षण आले, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

यापुढचा भाग मी जड अंतःकरणाने लिहितो, कारण त्यात न्याय झाला आणि त्या न्यायाखाली काही निरपराध माणसे दबलीही. १९४८ चा कूळकायदा हा कसणाऱ्यास मालक करणारा कायदा. त्यातील दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी कूळ कसत असलेली जमीन कुळाने विकत घेतली असे मानले गेले. सामान्य कुळाकडून घ्यावयाची किंमत आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या, वीस पटींहून कमी नको आणि दोनशे पटींहून अधिक नको, अशी मर्यादा घातली होती. गरिबास परवडेल अशा दराने जमीन देण्याचा एवढा मोठा उद्योग या राज्यात दुसरा झाला नाही, आणि ज्यांच्या पिढ्या खोता-सावकारांच्या बांधावर झिजल्या त्यांना तो हक्काचाच होता. परंतु कायद्याच्या दृष्टीने जमीनमालक म्हणजे फक्त मोठा सावकार नव्हे. दीड एकराचा धनी असून पोटासाठी घोडपदेवास राहणारा आणि गावचे शेत शेजाऱ्यास खंडाने देऊन आलेला साचेवाला, हाही मालकच ठरला. स्वतः कसण्यासाठी जमीन परत हवी असल्यास ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळास नोटीस आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडे अर्ज, अशी मुदत होती. विधवा, अज्ञान, अपंग आणि फौजेत असलेल्यांसाठी सवलत होती. गिरणीत असलेल्यांसाठी नव्हती. भाऊ किंवा मुलगा गावी असेल आणि शेत कुटुंबाकडूनच कसले जात असेल, तर जमीन वाचली. ज्याच्या घरात तसा कोणी नव्हता, आणि ज्यास या मुदतीची वार्ता होळीला गावी गेल्यावर कळली, त्याचे नाव कंसात गेले.

कंसाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा; त्यातून वाढत गेलेल्या दप्तराचे आज सर्वांस परिचित रूप म्हणजे सातबारा, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र छापलेला उतारा. वरच्या भागात गट वा सर्व्हे नंबर, भूधारणा पद्धती, क्षेत्र, पोटखराबा, आकार, भोगवटादाराचे नाव, कुळाचे नाव आणि इतर हक्क. खालच्या भागात वर्षावर्षाची पिके. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुने नाव खोडीत नसत. खरेदी, वारस, वाटणी यांचा फेरफार मंजूर झाला, की तलाठी जुन्या नावास कंस करी आणि त्याखाली नवे नाव फेरफार क्रमांकासह लिही. त्यामुळे जुना उतारा डोळ्यांसमोर धरला की कंसांची एक उतरंड दिसते, आणि प्रत्येक कंसात एक घर असते. जमीन शोधणाऱ्याने आधी हे कंस वाचावे, मग माती पाहावी, असे माझे वडील म्हणत.

वडील साचेखात्यात होते. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातले, बाजरीच्या मुलखातले आमचे गाव; वडिलोपार्जित जमीन चार भावांत वाटली असता वाट्यास जे आले असते ते १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या प्रमाणभूत क्षेत्राखाली जात होते, म्हणून कागदावर ती एकत्रच राहिली आणि थोरल्या काकांनी ती कसली. वडिलांचे नाव त्या खात्यात होते, एवढाच त्यांचा लाभ. पण तो लाभ फार मोठा होता. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्याची बंदी केली, आणि शेतकरी कोण हे पुष्कळ अंशी त्या खात्यावरच्या नावाने ठरू लागले. चाळीत आमच्या शेजारी जे गृहस्थ राहत, त्यांच्या घरात तीन पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर मजुरी झाली होती. त्यांच्यापाशी पैसा वडिलांहून अधिक होता, शेतीचे ज्ञान अधिक होते, आणि तरी त्यांना एक एकर घेता आला नाही. 'काही नाही' असे म्हणून खाली पाहणारे तेच. जो भूमिहीन तो शेतकरी नव्हे, आणि जो शेतकरी नव्हे त्यास भूमी नाही, हे चक्र सरळ अन्यायाचे आहे असे मला वाटते, मग त्यामागचा हेतू कितीही शुद्ध असो.

१९६३ च्या शिमग्यास निरोप आला, की गावच्या एका विधवा म्हातारीची पट्टी निघाली आहे. दोन एकर सतरा गुंठे, आकार एक रुपया अकरा आणे, ओढ्याच्या वरच्या अंगास, बांधावर एक आंबा. किंमत गावच्या दराहून बरीच कमी. वडिलांनी भिशी उचलली होती, बोनस हाती होता, आणि तरी ते रात्रभर अंथरुणावर बसून राहिलेले मी पाहिले, कारण त्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: 'का निघाली?' पुण्यास गाडीने, तेथून एसटीने मंचर आणि घोडेगाव, असा प्रवास करून त्यांनी तलाठ्याकडून उतारा घेतला आणि कंदिलाच्या उजेडात वाचला. भोगवटादारात म्हातारीच्या नवऱ्याचे नाव कंसात, खाली तिचे. कुळाच्या रकान्यात कोणी नाही. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वी विधवेने केलेल्या विक्रीवर नवऱ्याचे भाऊबंद दावा सांगत. त्या कायद्याने तिची मर्यादित मालकी पूर्ण झाली होती, म्हणून खत टिकणारे होते. कागद स्वच्छ होता. मग कमी किंमत कशापायी?

उत्तर त्यांना म्हातारीच्या ओट्यावर मिळाले. तिचा एकुलता मुलगा मुंबईस गिरणीत बदलीवर होता. दोन वर्षे त्याची मनीऑर्डर नव्हती, पत्र नव्हते. बोजा फेडण्याची मुदत सरत आली होती, आणि जप्तीची नोटीस येईल या भीतीने तिने मिळेल त्या किमतीस जमीन द्यावी असे गावातल्या काहींनी तिला पटवले होते. वडील परत आले आणि पुढचे पाच रविवार त्या मुलाचा शोध करीत लालबाग, परळ, शिवडी, नायगाव येथल्या खोल्या पालथ्या घालीत हिंडले. आमच्या गावची, शेजारच्या गावची, त्यापलीकडच्या गावची खोली. प्रत्येक ठिकाणी ट्रंका, दोरीवर वाळणारे कपडे, आणि 'इथं होता, मागं गेला' एवढेच. मुलगा सापडला नाही.

मग त्यांनी जमीन घेतली. पण गावच्या दराने. सोसायटीचा बोजा फेडून उरलेली रक्कम म्हातारीच्या हाती दुय्यम निबंधकांसमोर दिली, आणि खरेदीखतात एक वाक्य घालून घेतले, की बांधावरच्या आंब्याचे उत्पन्न लिहून देणार हिने हयातीपर्यंत घ्यावे. त्या किमतीपायी आमच्या घरी पुढची तीन वर्षे नवे कपडे आले नाहीत. फेरफाराची नोंद झाली, मुदतीत हरकत आली नाही, सर्कलने मंजुरी दिली, आणि म्हातारीच्या नावास कंस पडून खाली वडिलांचे नाव आले. तो उतारा वडिलांनी चाळीत आणला तेव्हा शेजारचे ते गृहस्थ पाहावयास आले. त्यांनी कागद हाती घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि कंसातल्या नावावर बोट ठेवून विचारले, 'ही कुठं राहते आता?'

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मोडलाही नाही आणि मिटलाही नाही. सुमारे अडीच लाख माणसे त्यात ओढली गेली. ज्यांच्यापाशी गावी दोन एकर होते ते बाजरी-नाचणी खाऊन तगले, आणि ज्यांचे दोन एकर मुलीच्या लग्नात वा आजारात गेले त्यांची घरे मोडली. त्या दोन-तीन वर्षांत जितके तुकडे निघाले तितके आमच्या चाळीने पूर्वी पाहिले नव्हते, आणि घेणारे बहुधा गिरणीतले नव्हते. वडिलांस त्या काळात स्वस्त जमिनी पुष्कळ सांगून आल्या. त्यांनी एकही घेतली नाही.

आज घोडपदेवास न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणीकामगारांच्या घरांचे मनोरे उभे आहेत. म्हाडाच्या सोडतीत मिळालेले ते घर सव्वादोनशे चौरस फुटांचे, म्हणजे पाव गुंठ्याहूनही कमी. त्या मनोऱ्यांतल्या आणि आसपासच्या चाळींतल्या नातवंडांना पुन्हा जमिनीची ओढ लागली आहे, आणि ती कर्जत, मुरबाड, शहापूरकडे पाच-दहा गुंठे पाहत फिरतात. त्यांना मी तीनच गोष्टी सांगतो. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने पाडलेले तुकडे कोणी हिश्श्याने विकत असेल, तर तुकडेबंदी आणि बिनशेती परवानगी यांची चौकशी आधी करावी. अशाच तुकड्यांवर उभ्या राहिलेल्या वस्त्यांसाठी सरकारला २००१ साली गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर दर ऐकण्यापूर्वीच उठून यावे, कारण १९७४ च्या कायद्यांनी तिचे रक्षण केले आहे आणि ते रक्षण मोडणे हे पाप आहे. आणि संगणकावर निघणाऱ्या स्वच्छ उताऱ्यावर समाधान न मानता तहसिलीतून जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार काढावेत. कंस तेथे सापडतात.

म्हातारी १९७१ साली गेली. अखेरपर्यंत दर वर्षी ती आंबे उतरवून घेई, आणि त्यातली एक पाटी गवतात घालून, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर घोडपदेवास आमच्याकडे धाडी. वर एक चिठ्ठी, शाळेतल्या पोराकडून लिहून घेतलेली, आणि तिच्यात पुन्हा तोच मजकूर, की आमच्या मुलाचा तिकडे काही ठाव लागला तर कळवावे. वडील ती चिठ्ठी खरेदीखताबरोबर ट्रंकेत ठेवीत. ती सात चिठ्ठ्यांची चळत आता माझ्यापाशी आहे. शेत पुतण्या कसतो. गावात त्या पट्टीला अजून 'म्हातारीची पट्टी' म्हणतात, आणि आमच्या घरातही.